असते

भांडी आवरून झाली की ब्रिजिड कार्डं काढते.
पिवळी, कोपऱ्यांना चहाचे डाग,
पुढे एकेक शब्द ठळक अक्षरात,
मागे उत्तर, पेन्सिलीनं फिकट,
म्हणजे मी चोरून बघितलं तरी दिसू नये.

तिचं वय तेरा. आवाज मात्र हेडबाईंचा.
"आई, पाय खाली. खुर्चीत नीट बस."

शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये माझी परीक्षा.
पास झाले तर वजनकाट्यावर बसवीन, क्लॅरेन्स म्हणालाय.
कोरडं काम, हीटरच्या शेजारी.
नाहीतर एप्रिलपासून पुन्हा तीच ओळ,
खेकड्याचे पाय, बर्फ, पाय, बर्फ,
न्यूफाउंडलंडचा अख्खा उन्हाळा रबरी बुटांत.

"नाम?"
खेकडा.
"सर्वनाम?"
तो. ती. आम्ही.
"कर्ता?"
कारखाना.
"पूर्ण वाक्यात सांग."
कारखाना मला बोलावतो.
"मग यात कर्म कोण?"
मीच की, म्हटलं, आणि दोघी हसलो.
उत्तर बरोबर होतं. तिनं खूण केली.

उपमा: हात बर्फासारखे.
रूपक: हात बर्फ.
'सारखे' गळलं की रूपक होतं, ती समजावते.
मला हे नवीन नाही.
सकाळी सातला 'सारखे' असतं,
दहाच्या सुमारास गळून पडतं.

मग क्रियापदाचे अर्थ. इथे माझं घोडं अडतं.
स्वार्थ म्हटल्यावर मला वाटलं
कुणीतरी आपल्याच पोळीवर तूप ओढतंय.
तसं नाही म्हणे. जे आहे ते सरळ सांगायचं, बस्स.
बाहेर बर्फ पडतो आहे.
तेलाची टाकी पाव भरली आहे.
तुझे बाबा आल्बर्टात आहेत, शुक्रवारी फोन करतात.
"तीन उदाहरणं," ब्रिजिड म्हणते. "एकच पुरलं असतं."

विध्यर्थ: करावं, जावं, पास व्हावं.
याला ओळखते मी. हा आमच्याकडे रोज जेवायला असतो.
आज्ञार्थ तर बावीस वर्षं ऐकला,
कापा, धुवा, उचला, गप्प बसा.
वाक्यात कर्ता कुठे दिसतच नाही.
"असतो ना. लपलेला असतो. तुम्ही."
खरंच की.

शेवटचं कार्ड संकेतार्थ.
मी तिथे असते तर.
"पण हे तर रोजचं झालं," मी म्हणते.
"मी रोज इथे असते. तेच ना हे असते?"
ती कार्ड उलटते, पुन्हा सुलटं करते.
पेन्सिलीच्या अक्षरात याचं उत्तर नाही.
हेडबाई जरा वेळ तेरा वर्षांची होते,
नख चावते.
"शब्द तोच," मग म्हणते, "पुढे तर आहे का ते बघ."

त्या रात्री भट्टीची घरघर ऐकत पडले.
मी असते.
मी असते तर.
दोन अक्षरांचं काय ते अंतर,
आणि मी इतकी वर्षं
पहिल्यावरच पूर्णविराम देत होते.

शनिवारी हॉलमध्ये मेणाचा वास.
पलीकडे थेल्मा पेन्सिल कुरतडतेय.
प्रश्न नववा: संकेतार्थी वाक्य लिहा.
शाळा सोडली नसती तर, एवढं झरझर लिहिलं
आणि पुढचं अर्धं सुचेना.
डॉक्टर, वकील, सगळं डोक्यात येऊन गेलं,
एकही माझ्या अंगाला बसेना.
घड्याळात चार मिनिटं.
शाळा सोडली नसती तर आज शनिवारची सुट्टी असती.
एखादा गुण तरी द्यावा.
(हा विध्यर्थ.)

निकाल मे महिन्यात.
तोवर मोसम सुरू झालाय, मी ओळीतच आहे.
आज क्लॅरेन्स जिन्यावरून ओरडला, "हात चालवा!"
मी मान वर न करता म्हटलं, "आज्ञार्थ."
यंत्रांच्या खडखडाटातून, बर्फाच्या पाटीपलीकडून
थेल्माचा आवाज आला:
"कर्ता लपलेला."